खाऱ्या पाण्यात उतरून लूरने गरवण्याजोगी जागा कशी शोधावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: रॉड आहे, लूरची (माशांसाठीच्या नकली आमिषांची) पेटी आहे, बोट नाही. काठावरून फेकून समाधान होत नाही, म्हणून पाण्यात उतरून चालत गरवायचे आहे; पण नकाशा उघडला की सगळीकडे सारखाच निळा रंग दिसतो आणि नेमके कुठे उतरावे ते कळत नाही. बहुतेक जण अशा वेळी मासे कुठे आहेत याची चौकशी आधी करतात. माझा क्रम उलटा आहे. चालण्याजोगी जागा तीन गोष्टींवर ठरते: पायाला आधार देणारा तळ, गुडघ्यापासून मांडीपर्यंतचे पाणी निदान तास-दीड तास टिकणे, आणि पाणी चढू लागल्यावरही पार करता येईल अशी परतीची वाट. या तिन्ही अटी पुऱ्या करणाऱ्या जागा कोणत्याही किनाऱ्यावर थोड्याच असतात. म्हणून आधी त्या वेगळ्या काढाव्यात आणि मग त्यांपैकी कुठे मासा चरायला येतो ते पाहावे.

सुरुवात सागरी नकाशापासून करावी. रस्त्यांच्या नकाशाचा येथे उपयोग नाही. जहाजांसाठी काढलेल्या नकाशात ओहोटीला उघडा पडणारा भाग बहुधा हिरवट रंगाने दाखवलेला असतो आणि त्यावर अधोरेखित आकडे असतात. हे आकडे खोलीचे नसून, तो तळ नकाशाच्या शून्य पातळीपेक्षा किती उंच आहे ते सांगणारे असतात. शून्य पातळी देशागणिक वेगळी असते: ब्रिटिश नकाशांत ती खगोलीय गणिताने येणाऱ्या सर्वांत खालच्या ओहोटीची असते, तर अमेरिकी नकाशांत रोजच्या दोन ओहोटींपैकी जी अधिक खाली जाते तिच्या सरासरीची. भरतीचे कोष्टक साधारणपणे त्याच पातळीपासून मोजलेले असते, त्यामुळे कोष्टकातील उंचीतून अधोरेखित आकडा वजा केला की त्या वेळी तेथे किती पाणी असेल ते मिळते. तळ कशाचा आहे हेही रोमन अक्षरांनी दिलेले असते: ‘एस’ म्हणजे वाळू, ‘एम’ म्हणजे चिखल, ‘आर’ म्हणजे खडक, ‘एसएच’ म्हणजे शिंपले. मात्र जहाजे जेथे जात नाहीत त्या उथळ भागाचे सर्वेक्षण क्वचितच ताजे असते, आणि वाळूचे दांडे एका वादळी हंगामात जागा बदलतात. म्हणून नकाशाने संशयित जागा दाखवाव्यात, निकाल देऊ नये.

दुसरे साधन उपग्रह-चित्रांचे. गूगल अर्थवर एकाच जागेची निरनिराळ्या वर्षांची चित्रे पाहता येतात, आणि सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रे मोफत मिळतात. त्यांत १० मीटरचा एक ठिपका असतो, म्हणजे दांडा आणि पन्हळ (दांड्यालगतचा खोलगट चर) वेगळे ओळखण्यापुरता तपशील पुरेसा असतो. प्रत्येक चित्राची तारीख आणि वेळ पाहावी, त्या दिवसाच्या भरतीच्या कोष्टकाशी ती जुळवावी आणि पाण्याची उंची चित्राच्या नावापुढे लिहून ठेवावी. येथे एक गोम आहे, जी फारशी कोणी सांगत नाही. सेंटिनेल-२ कोणत्याही ठिकाणावरून दर वेळी स्थानिक सौर वेळेनुसार सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो. दुसरीकडे, ज्या किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या होतात तेथे उधाणाच्या दिवसांतली सर्वांत खालची ओहोटी एखाद्या ठिकाणी नेहमी घड्याळाच्या साधारण त्याच वेळेला येते. या दोन वेळा जुळत असतील तर उघडा तळ पुन्हापुन्हा दिसेल. जुळत नसतील तर वर्षभराची चित्रे चाळूनही सर्वांत खालची ओहोटी कधीच दिसणार नाही, आणि चालण्याजोगा तळ असूनही जागा खोल वाटेल. असे असल्यास चित्रावर विसंबून जागा बाद करू नये.

चित्रात काय पाहावे? फिकट पिवळसर पट्टा बहुधा वाळूचा असतो. गडद डाग खडकाचा, शेवाळाचा किंवा सागरी गवताचा असू शकतो. त्याची कड वर्षानुवर्षे जागा बदलत नसेल तर खडक, हळूहळू पसरत किंवा आकसत असेल तर गवत. गवताच्या कुरणात मध्येच दिसणारे फिकट गोल डाग हे वाळूचे उघडे खळगे असतात आणि शिकारी मासा त्यांच्या कडेला दबा धरतो, म्हणून ते आधी टिपून ठेवावेत. काठापासून दूर गेलेला, पण एका टोकाला काठाशी जोडलेला दांडा सर्वांत चांगला. तसाच दांडा काठापासून पन्हळीने तुटलेला असेल तर तो चित्रात तितकाच मोहक दिसतो आणि प्रत्यक्षात तितकाच धोकादायक असतो, कारण पाणी आधी मागची पन्हळ भरते आणि दांड्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्यालाही ते कळत नाही.

वाळू कुठे आणि चिखल कुठे, याचा अंदाज घरबसल्या बऱ्यापैकी बांधता येतो. पाणी जितके वेगाने हलते तितके ते बारीक कण धरून ठेवते आणि जड कण टाकते. जेथे थबकते तेथे बारीक गाळही खाली बसतो. म्हणून खाडीच्या मुखाशी, लाटा पोहोचणाऱ्या टोकांवर आणि प्रवाह वळणाऱ्या ठिकाणी तळ बहुधा कठीण असतो, तर खाडीच्या आतल्या कोपऱ्यांत, खारफुटीच्या आडोशाला आणि नुकत्याच बांधलेल्या बंधाऱ्यामागे चिखल साचतो. नदीच्या वळणाच्या आतल्या बाजूला वाळू साचते आणि बाहेरच्या बाजूला काठ खोदला जाऊन एकदम खोली येते. खाडीतही हेच घडते. या एका नियमावर नवख्या किनाऱ्यावरच्या निम्म्या जागा मी नकाशावरच खोडून टाकतो.

यानंतरचे काम कोणालाच आवडत नाही, आणि सगळे त्याच्यावरच अवलंबून असते: अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांतल्या उधाणात, दिवसा येणाऱ्या सर्वांत खालच्या ओहोटीला, रॉड न घेता ती जागा पायाखाली घालावी. रॉड बरोबर असला की माणूस पहिल्या आश्वासक कडेपाशी थांबतो आणि पाहणी तेथेच संपते. हातात काठी घ्यावी, बूट बांधलेले आणि कडक तळाचे असावेत, आणि कोरड्या काठापासून पाण्याच्या कडेपर्यंत जायच्या वाटेनेच परत यावे. वाळूवर आखीव, टोकदार वळ्या असतील आणि पाऊल टाकल्यावर पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी, पांढरट दिसत असेल, तर तळ घट्ट आहे असे समजावे. पृष्ठभाग गुळगुळीत, आरशासारखा चमकत असेल आणि काठी हलक्या जोराने वीतभर आत गेली तर पुढचे पाऊल टाकू नये. मधली अवस्था फसवी असते: वर दोन-तीन बोटे वाळू आणि खाली काळा, कुजका वास येणारा गाळ. काठीने दर दहा-पंधरा पावलांवर टोचत जाणे हाच त्यावर उपाय आहे, कारण असा तळ माणसाला पहिल्या फेरीत पेलतो आणि तुडवला गेल्यावर परतीच्या फेरीत खचतो.

या पाहणीत तीन खुणा हमखास नोंदवाव्यात. पहिली, दांड्याचा सर्वांत उंच भाग. दुसरी, परतीच्या वाटेवरचा सर्वांत खोल भाग. तिसरी, गरवताना सतत नजरेत राहील असा एखादा खडक किंवा खांब, ज्यावरची पाण्याची रेषा पाहून परत फिरायचे ठरवता येईल. शक्य असेल तर काठावरच्या दोन वस्तू एका ओळीत येतात अशा जागाही लिहून ठेवाव्यात, उदाहरणार्थ ताडाच्या सरळ मागे मनोरा. मोबाइलमधील जीपीएस उपयोगी आहेच. पण ओल्या बोटांनी आणि उन्हात तो पाहण्यापेक्षा मान वर करून दोन खुणा जुळवणे कितीतरी सोपे असते. पाण्याच्या कडेपलीकडचा तळ तपासायचा असेल तर रॉडला गळ नसलेले दहा ग्रॅमचे शिसे लावून पुढे फेकावे आणि तळावरून सावकाश ओढावे. ब्रेडेड (विणलेल्या) दोरीतून वाळू गुळगुळीत सरकताना जाणवते, शिंपल्यांचा तळ बारीक टकटक करतो, चिखलात शिसे चिकटल्यासारखे जड होते आणि गवतात ते अडून-अडून सुटते. त्यासाठी मात्र रॉड घेऊन दुसरी फेरी करावी. पहिल्या फेरीचा नियम मोडू नये.

आता वेळेचे गणित. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. ढोबळ नियम बाराव्या भागांचा आहे: एकूण चढापैकी पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. समजा, पहाटे सहाला ०.४ मीटरची ओहोटी आहे आणि दुपारी बाराच्या सुमारास ३.४ मीटरची भरती, म्हणजे एकूण चढ ३ मीटर. आपण नोंदवलेला दांड्याचा माथा ०.४ मीटरवर आहे, म्हणजे सहाला तेथे जेमतेम पाणी टेकलेले असेल. सातला पाणी ०.६५ मीटरवर येईल, म्हणजे दांड्यावर २५ सेंटिमीटर, आठला १.१५ मीटर, म्हणजे दांड्यावर ७५ सेंटिमीटर, मांडीच्या वर. एवढेच पाहिले तर आठपर्यंत थांबायला हरकत नाही असे वाटते. पण परतीच्या वाटेवरची पन्हळ दांड्यापेक्षा ३० सेंटिमीटर खोल असेल तर आठला तिच्यात १ मीटरहून अधिक पाणी आणि तेही वाहते असेल. म्हणजे खरी मर्यादा साडेसातच्या अलीकडची आहे, आणि मी तर सातलाच फिरेन, कारण तिसऱ्या तासाचा वेग दुसऱ्यापेक्षाही जास्त असतो. जागेचा वेळ नेहमी परतीच्या वाटेवरच्या सर्वांत खोल भागावरून काढावा, आपण उभे असतो तेथून नव्हे.

याच कारणामुळे नव्या जागेवर ओहोटीबरोबर उतरावे: ओहोटी पूर्ण होण्याच्या दोन तास आधी काठाजवळून सुरुवात करावी, उतरत्या पाण्यामागे पुढे सरकावे, पाणी थबकले की परतीला लागावे आणि भरतीच्या पहिल्या तासात काठाजवळ गरवावे. भरतीचे पाणी मासा घेऊन येते हे खरे आहे, पण ते काठाकडे सरकत गरवण्याचे पाणी आहे, आत शिरण्याचे नव्हे. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत चढ-उतार कमी असल्याने मांडीभर पाणी अधिक वेळ टिकते, मात्र उधाणात उघडे पडणारे दूरचे दांडे तेव्हा हाती लागत नाहीत. मला स्वतःला नव्या जागेवर पहिल्यांदा गरवायला उधाण आणि भांग यांच्या मधले दिवस आवडतात. शिवाय कोष्टक एखाद्या ठरावीक बंदराचे असते. खाडीत आत गेल्यावर भरती-ओहोटी उशिरा पोहोचते आणि हा फरक अर्ध्या तासाचा की दोन तासांचा, हे त्या जागी उभे राहून घड्याळ पाहूनच कळते.

काही समुद्रांत हे गणित चालतच नाही. बाल्टिक समुद्रात भरती जवळजवळ नसते, भूमध्य समुद्राच्या बहुतेक किनाऱ्यांवर ती अर्ध्या मीटरच्या आतच असते, आणि चालत गरवण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या टेक्सासच्या लगुना माद्रे या उथळ खाजणात पाण्याची पातळी चंद्रापेक्षा वाऱ्यावर अधिक ठरते. अशा ठिकाणी वारा कोणत्या दिशेने आणि किती दिवस वाहतो आहे ते पाहावे: काठाकडे वाहणारा वारा पाणी चढवतो, काठापासून दूर जाणारा उतरवतो. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की समुद्राची पातळी साधारण १ सेंटिमीटरने चढते, त्यामुळे खराब हवामानात कोष्टकापेक्षा वीतभर अधिक पाणी सापडू शकते. मोठ्या भरतीच्या किनाऱ्यावरही ही वीत परतीच्या पन्हळीत जाणवते.

तळ आणि वेळ जमली की मग माशाकडे वळावे. सपाट, एकसारख्या वाळूवर मासा केवळ ये-जा करतो. तो थांबतो ते कडेला. पन्हळ दांड्याला जेथे कापते ते तोंड, कालवांच्या (धारदार कवचाच्या शिंपल्यांच्या) बेटाचे प्रवाहाकडचे टोक, गवताची सीमा, खारफुटीतून ओहोटीला पाणी ओतणारा ओहोळ, आणि गढूळ व स्वच्छ पाण्याची शिवण, या जागा आधी तपासाव्यात. ओहोळाच्या मुखाशी ओहोटीचा शेवटचा टप्पा विशेष चांगला, कारण आत चरायला गेलेली कोळंबी आणि लहान मासळी पाणी कमी होताच एकाच वाटेने बाहेर पडते. पाण्यावर बोयीची पिल्ले उडत असतील, वारा नसताना पाण्याचा एखादा तुकडा थरथरत असेल, सुरय पक्षी सूर मारत असतील तर खाद्य आहे. बगळा कुठे उभा आहे हेही पाहावे. त्याच्या पायांवरून तेथली खोली कळते आणि तो एकाच जागी रेंगाळत असेल तर तेथे काहीतरी येते आहे. दोन-तीन वेगवेगळ्या भरत्यांना जाऊनही जेथे लहान मासळीच दिसत नाही, ती जागा तळ कितीही सुरेख असला तरी मी सोडून देतो.

पाण्याचा तळ डोळ्यांनी वाचता यावा म्हणून पोलराइज्ड चष्मा हवाच, आणि उथळ पाण्यासाठी त्याची काच तांबूस किंवा पिंगट रंगाची असावी. ऊन पाठीमागून येईल अशा दिशेने चालावे. लूर निवडताना जागाच निर्णय देते. मांडीभर पाण्यात आणि गवतावर गळाचे टोक झाकलेले मऊ प्लॅस्टिकचे लूर, साधारण ८ ते १० सेंटिमीटरचे, चार ते सात ग्रॅमच्या वजनावर, पुरेसे असते. स्वच्छ वाळूवर उघडे जिग (डोक्याशी वजन असलेला गळ) चालते. पहाटे, वारा पडलेला असताना पाण्यावर चालणारे लूर, आणि वारा सुटल्यावर अर्ध्या मीटरपेक्षा खोल न जाणारा तरंगता मिनो (लहान माशाच्या आकाराचे लूर) वापरावा. तीन काट्यांचे गळ काढून त्यांच्या जागी टोकाजवळचा उलटा काटा दाबून सपाट केलेले एकेरी गळ लावावेत. कमरेइतक्या पाण्यात धडपडणारा मासा हाताळताना दुसरा मोकळा गळ आपल्याच हातात रुततो.

नव्या जागेवर लूर हेच शोधाचे साधन आहे. पाण्यात शिरण्याआधी काठावरून, घोटाभर पाण्यातही फेकावे. मासा पुष्कळदा आपण जेथे पाय ठेवणार असतो तेथेच असतो. मग पंख्यासारख्या दिशांनी पाच-सहा फेका टाकाव्यात, काही लागले नाही तर दहा-पंधरा पावले सरकावे. कडेवर उभे राहून खोल पाण्यात फेकण्यापेक्षा कडेच्या अलीकडे थांबून तिच्या लगत समांतर फेकावे, म्हणजे लूर अधिक वेळ कामाच्या पट्ट्यात राहते. पाऊल उचलून आपटत चालू नये. तळावरून पाय घासत, सरकवत चालल्याने आवाज कमी होतो आणि वाळूत दडलेला पाकट दबून डंख मारण्याऐवजी बाजूला निघून जातो. डंख बसलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम, सुमारे ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावी, कारण त्या विषातील प्रथिने उष्णतेने निकामी होतात. खोल रुतलेला काटा स्वतः उपटू नये आणि डॉक्टरांकडे जाणे टाळू नये. कालवांनी कापलेली साधी जखमही कोमट, मचूळ पाण्यात चिघळू शकते; यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्यांनी उघडी जखम घेऊन पाण्यात उतरूच नये.

चिखलात पाय रुतला तर जोर लावून तो उपटण्याचा प्रयत्न करू नये, त्याने दुसरा पाय अधिक रुततो. मागे रेलून बसावे, शरीराचा भार पसरावा आणि पाऊल हलवत-हलवत भोवती पाणी शिरू द्यावे. विजा चमकू लागल्या तर कार्बनचा रॉड हातात घेऊन सपाट पाण्यात उभे राहण्याइतके वाईट ठिकाण नाही, आणि धुके उतरले तर काठ कोणत्या दिशेला आहे हे होकायंत्राशिवाय कळत नाही. खाऱ्या पाण्यातल्या मगरींच्या प्रदेशात, म्हणजे उत्तर ऑस्ट्रेलिया, सुंदरबन किंवा अंदमान येथे, या उत्तरातले काहीही लागू नाही. तेथे पाण्यात उतरू नये. मागून भरणाऱ्या पन्हळींचा धोका अतिरंजित वाटत असेल तर इंग्लंडच्या मोरकॅम्ब उपसागराचे उदाहरण आहे: १० मीटरपर्यंत भरती चढणाऱ्या त्या सपाट वाळूवर ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री शिंपले वेचायला गेलेले किमान २१ मजूर बुडाले.

शेवटी परवानगीचा मुद्दा. काठ खासगी आहे का, भाग संरक्षित आहे का, तेथे परवाना किंवा बंदीचा काळ लागू आहे का, कालवांची शेती किंवा कोणाची जाळी आहेत का, हे पहिल्या पाहणीआधीच विचारून घ्यावे. ज्यांची जाळी तेथे असतात त्यांनाच विचारले तर बहुतेक वेळा तळाविषयीही दोन शब्द ऐकायला मिळतात, आणि पन्हळ गेल्या पावसाळ्यानंतर कुठे सरकली हे सांगणारा त्यांच्याइतका भरवशाचा नकाशा दुसरा मिळत नाही.